पोहे तेच, तर्री ऐनवेळी

नागपूरहून दक्षिणेकडे निघालेला महामार्ग वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या जामला येऊन फुटतो. एक वाट हिंगणघाटावरून हैदराबादकडे जाते, दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरला. अशा चौफुलीवर गाडी थांबली की निम्मे लोक चहाकडे वळतात, उरलेले तर्री-पोह्यांकडे. पोहे येईपर्यंत हातात मोबाईल आलेलाच असतो.

समजा, तिथल्या एका बाकावर दोन मित्र बसले आहेत. एकाने मराठी विकिपीडिया उघडून 'समुद्रपूर' शोधलं. दुसऱ्याचं शिक्षण उर्दूतून झालेलं, म्हणून त्याने उर्दू विकिपीडिया उघडला. दोघांनी मोबाईल शेजारी-शेजारी धरले आणि गंमत दिसली. एकाचं मेनूचं बटण डावीकडे, तर दुसऱ्याचं उजवीकडे. एकाच्या यादीचे ठिपके डाव्या कडेला, दुसऱ्याचे उजव्या. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, तेव्हा मजकूर त्या दिशेने जाणार हे उघड आहे. पण इथे सगळी मांडणीच आरशात पाहिल्यासारखी उलटली होती.

विकिपीडिया तीनशेहून अधिक भाषांत चालतो. त्यांतल्या उर्दू, अरबी, फारसी, हिब्रू अशा भाषांसाठी कुणी वेगळी उलटी मांडणी बसून तयार केली असेल का? नाही. ती उलटी मांडणी कुठल्याच कपाटात ठेवलेली नाही. मागणी आली की ती तयार होते.

पान वेगळं, त्याचं रूप वेगळं

वेबवरचं कुठलंही पान किमान दोन पदार्थांचं बनतं. पहिला म्हणजे मजकूर आणि त्याची रचना. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हे चित्र असं सांगणारी भाषा म्हणजे एचटीएमएल. दुसरा पदार्थ म्हणजे त्याचं दिसणं: शीर्षक किती मोठं, कुठल्या रंगाचं, समास किती सोडायचा, रकाना कुठे ठेवायचा. या सूचनांची यादी म्हणजे स्टाइलशीट आणि ती ज्या भाषेत लिहितात ती सीएसएस. पोहे आणि तर्री यांचं जे नातं, तेच या दोघांचं. पोहे सगळ्यांना सारखेच, तर्री मात्र कुणाला जास्त, कुणाला बेताची, तर कुणाला 'वेगळ्या वाटीत द्या भाऊ'.

ही वाटणी सुरुवातीपासून नव्हती. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या होकोन व्हियुम ली या नॉर्वेजियन माणसाने १० ऑक्टोबर १९९४ रोजी तिचा प्रस्ताव मांडला. पुढे डच संगणकतज्ज्ञ बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली.

नवी भाषा मुद्दाम साधी ठेवली होती. तिच्यात 'हे असेल तर ते कर' अशी सोय नव्हती, गणित नव्हतं, एखाद्या रंगाला नाव देऊन ते नाव पुढे वापरण्याचीही सोय नव्हती. एकच जांभळा रंग चाळीस ठिकाणी हवा असेल तर त्याचा सहा खुणांचा क्रमांक चाळीस वेळा लिहायचा, आणि उद्या जांभळ्याचा हिरवा करायचा झाला तर चाळीसही ठिकाणी हात फिरवायचा. एकोणचाळीस जागा सापडतात आणि चाळिसावी सुटते, हा अनुभव त्या काळी वेबवर काम केलेल्या प्रत्येकाच्या गाठीला आहे.

फाइल नाही, नुसती कृती

या कटकटीतून वाट निघाली ती ब्राउझरच्या एका भोळेपणामुळे. पान उघडताना ब्राउझर आधी एचटीएमएल मागवतो. त्यात 'माझी स्टाइलशीट अमुक पत्त्यावर आहे' अशी ओळ सापडली की तो त्या पत्त्यावर दुसरी मागणी पाठवतो. पलीकडच्या संगणकाने, म्हणजे सर्व्हरने, तयार फाइल उचलून दिली की तिथल्या तिथे नवी लिहून दिली, हे ब्राउझरला कळत नाही. कळायची गरजही नाही. बाकावर बसलेल्याला वाटी मिळाल्याशी मतलब; ती मोठ्या पातेल्यातून काढली की आत्ताच फोडणी दिली, हे मागच्या भट्टीजवळचा माणूस जाणतो.

मग त्या पत्त्यावर फाइलऐवजी एक छोटा प्रोग्राम ठेवायचा. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५मध्ये खुली केलेली पीएचपी ही भाषा अशा कामासाठी सोयीची होती. प्रोग्राम काय करतो? मागणी कुणाकडून, कुठल्या भाषेसाठी आली ते पाहतो. डेटाबेसमधून त्या संकेतस्थळाचा रंग, अक्षराचा आकार वगैरे काढतो. मग सीएसएसच्या ओळी लिहीत जातो आणि जिथे रंग हवा तिथे काढलेला रंग भरतो. लग्नपत्रिकेच्या छापखान्यात मजकुराचा साचा तयार असतो, नुसती नावं, तिथी आणि मुहूर्त बदलतात, तसंच हे. जांभळा एकाच जागी लिहिलेला असतो, उरलेल्या चाळीस जागा प्रोग्राम भरतो.

यात एक अट मात्र कडक आहे. सर्व्हर जे काही पाठवतो त्याच्यापुढे दोन-चार ओळींची चिठ्ठी जोडतो, तिला हेडर म्हणतात. आत काय आहे ते या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. पीएचपीचा प्रोग्राम काही सांगितलं नाही तर 'आत एचटीएमएल आहे' असंच लिहून मोकळा होतो. आजचे ब्राउझर अशी चिठ्ठी लावलेली स्टाइलशीट सहसा स्वीकारत नाहीत. आतला प्रत्येक नियम बरोबर असला तरी पान उघडं-बोडकं दिसतं. म्हणून प्रोग्रामने पहिल्याच ओळीत 'आत सीएसएस आहे' असं बजावायचं असतं. पत्त्याच्या शेवटी काय लिहिलंय याला महत्त्व नाही, चिठ्ठीला आहे.

आणि ही चिठ्ठी खरोखर पहिल्याच ओळीत हवी. तिच्याआधी एक रिकामी ओळ जरी बाहेर पडली तरी 'हेडर आधीच रवाना झाले' अशी तक्रार येते. कधीकधी फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची न दिसणारी खूण असते. फाइल लिहिण्याची काही एडिटर सॉफ्टवेअर ती न विचारता टाकतात. डोळ्यांना काही दिसत नाही, प्रोग्रामही बिनचूक असतो आणि दुपारची संध्याकाळ होते.

विकिपीडियाच्या भटारखान्यात

जामच्या बाकावरचं कोडं आता सुटण्याच्या बेताला आलं आहे. विकिपीडिया ज्या मीडियाविकी नावाच्या प्रणालीवर चालतो, ती पीएचपीतच लिहिलेली आहे. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. २०११मध्ये मीडियाविकीच्या १.१७ या आवृत्तीसोबत 'रिसोर्सलोडर' नावाची व्यवस्था आली. ट्रेव्हर पार्स्कल आणि रोआन काटाऊ यांनी ती मुख्यत्वे उभी केली. तेव्हापासून पानाची स्टाइलशीट 'लोड डॉट पीएचपी' नावाच्या एका प्रोग्रामकडून मागवली जाते. त्या पत्त्यातच मागणीचा तपशील असतो: भाषा मराठी, रूप अमुक (मोबाईलवर सहसा 'मिनर्व्हा', संगणकावर 'व्हेक्टर') आणि या पानाला लागणारे सुटे भाग अमुक-अमुक. ज्या पानावर संदर्भांची यादी नाही, त्या पानासाठी त्या यादीचे नियम पाठवायचं कारण नाही.

प्रोग्राम मग मागितलेले तुकडे गोळा करतो. हे तुकडे बहुतेक 'लेस' या सीएसएसच्या थोड्या शहाण्या भावंडात लिहिलेले असतात. त्यात रंगांना नावं देता येतात, बेरीज-वजाबाकी करता येते. सर्व्हर त्यांचं साध्या सीएसएसमध्ये रूपांतर करतो, नको असलेल्या मोकळ्या जागा आणि टिपा काढून टाकतो, बारीकसारीक चित्रं असतील तर काही वेळा ती अक्षरांच्या रूपात त्याच यादीत शिवून टाकतो. वीस ठिकाणी वीस मागण्या करण्याऐवजी ब्राउझरला एक गाठोडं मिळतं.

आणि भाषा उर्दू असेल, तर गाठोडं बांधण्याआधी ते उलटवलं जातं.

उलटवण्याचं काम 'सीएसएसजेनस' करतं. ते मूळचं गूगलमधलं, पायथन भाषेतलं. मीडियाविकीसाठी त्याचा पीएचपी अवतार तयार केला गेला. जेनस म्हणजे दोन तोंडांचा रोमन देव. काम ऐकायला सोपं आहे: 'डावं' दिसलं की 'उजवं' करा, 'उजवं' दिसलं की 'डावं'. पण दोन्ही एका दमात बदलायचं आहे. आधी सगळ्या डाव्यांचं उजवं केलं आणि मग सगळ्या उजव्यांचं डावं, तर शेवटी सगळंच डावं होऊन बसेल. म्हणून मध्ये एक तात्पुरतं टोपणनाव लागतं, दोन भांड्यांतले पदार्थ अदलाबदल करायला तिसरं भांडं लागतं तसं.

पुढची मेख समासांची. सीएसएसमध्ये चारही बाजूंचे समास एका ओळीत चार आकड्यांनी लिहितात. त्यांचा क्रम प्रदक्षिणेचा: वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. या ओळीत 'डावं-उजवं' हे शब्दच नसतात, नुसते चार आकडे असतात. प्रोग्रामला तिथे दुसरा आणि चौथा आकडा ओळखून अदलाबदल करावी लागते. आणि शब्दांमध्येही दगाफटका आहेच. इंग्रजीतल्या 'ब्राइट' या शब्दाच्या पोटात 'राइट' लपलेला आहे! एखाद्या पेटीचं नाव 'ब्राइट' असं ठेवलेलं असेल आणि प्रोग्रामने आंधळेपणाने 'राइट'चा 'लेफ्ट' केला, तर 'ब्लेफ्ट' असा कुठल्याच कोशात नसलेला शब्द जन्माला येईल. म्हणून शब्दाच्या आधी दुसरं अक्षर चिकटलेलं नाही ना, हे तपासूनच बदल होतो. काही गोष्टी मात्र कुठल्याही भाषेत उलटायच्या नसतात. तिथे लेखकाने नियमाच्या डोक्यावर 'उलटवू नका' अशी टीप लिहून ठेवायची, प्रोग्राम ती मानतो.

> चौकट: एका वाटीचा प्रवास
> मोबाईल पान मागवतो आणि त्यात स्टाइलशीटचा पत्ता वाचतो. पत्त्यावर दुसरी मागणी जाते, सोबत भाषा आणि रूप. वाटेतल्या साठवणीत तयार प्रत असेल तर तिथूनच उत्तर येतं. नसेल तर सर्व्हरवरचा प्रोग्राम तुकडे गोळा करतो, नावांच्या जागी रंग-मापं भरतो, भाषा उजवीकडून लिहिली जाणारी असेल तर डावं-उजवं फिरवतो, मजकूर आवळतो, 'आत सीएसएस आहे' अशी चिठ्ठी लावतो आणि पाठवतो. एक प्रत वाटेत ठेवली जाते, एक मोबाईलमध्ये.

'समुद्रपूर'ला लागणारी जागा

मराठी वाचकासाठी सर्व्हर डावं-उजवं फिरवत नाही, तरी मराठीचे स्वतःचे हट्ट आहेत. 'समुद्रपूर' हाच शब्द घ्या. 'मु'खाली उकार, 'द्र'ला पायात अडकलेला र, 'पू'ला दीर्घ शेपटी. वर शिरोरेखा आहे ती वेगळीच. रोमन अक्षरांच्या मापाने बांधलेल्या ओळीत असं शीर्षक दोन ओळींवर गेलं, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत जाऊन अडकतात. म्हणून मीडियाविकीत मराठी, हिंदी, बंगाली, गुजराती अशा भाषांच्या मुख्य शीर्षकांसाठी ओळींची उंची अक्षराच्या १.६ पट ठेवणारा नियम घातला गेला. क्रमांक घातलेल्या याद्या मराठी आणि हिंदीत १, २, ३ अशा देवनागरी आकड्यांत दिसाव्यात, असाही एक नियम आहे.

हे दोन्ही नियम सर्व्हर ऐनवेळी रचत नाही. ते सगळ्यांना सारखेच जातात. 'मजकूर मराठी असेल तरच लागू' अशी अट नियमातच लिहिलेली असते आणि ती पाहण्याचं काम ब्राउझर करतो. कुठलं काम भट्टीवर करायचं आणि कुठलं ताटात, याचा हा निवाडा. एकाच पानावर मराठी मजकुरात उर्दू किंवा इंग्रजी उतारा असू शकतो, त्यामुळे परिच्छेदागणिक बदलणारी गोष्ट ब्राउझरकडे सोपवणं शहाणपणाचं. सगळं पानच उलटणार असेल, तर सर्व्हरने एकदाच उलटून दिलेलं बरं.

वर्षं गेली तसा ताटाकडचा पगडा वाढला. २००६मध्ये 'सॅस' आणि २००९मध्ये 'लेस' आल्यावर नावं आणि गणित लिहिण्याची सोय झाली, पण ती भट्टीकडचीच. नंतर सीएसएसमध्येच रंगांना नावं देण्याची सोय आली आणि २०१६-१७पर्यंत प्रमुख ब्राउझरांनी ती आत्मसात केली. विकिपीडियावर २०२४मध्ये आलेली गडद रंगसंगती याच वाटेने चालते. पानाच्या माथ्यावरची एक खूण बदलली की 'पार्श्वभूमी' नावाचा रंग पांढऱ्याचा काळा होतो. सर्व्हरला नवी वाटी पाठवावी लागत नाही.

एक साचा, जिल्हे अनेक

मग सर्व्हरवर स्टाइलशीट रचण्याची गरज उरली कुठे? एकाच प्रणालीवर अनेक संकेतस्थळं चालतात तिथे. वर्धा जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ शेजारच्या जिल्ह्यांच्या संकेतस्थळांशेजारी उघडून पाहावं. घडण तीच, डोक्यावरची पट्टी, चित्रं, रंग मात्र निराळे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एस-थ्री-वास' या व्यवस्थेवर ती उभी आहेत. नावातला एक 'एस' चक्क 'सुगम्य' या शब्दाचा आहे. वर्डप्रेससारख्या प्रणालीतही हेच घडतं. तिथे २०१६च्या अखेरीस आलेल्या ४.७ आवृत्तीपासून संकेतस्थळाचा मालक आपले चार सीएसएस नियम एका खिडकीत लिहितो, ते साठवणीत जातात आणि पान बनताना त्यात ओतले जातात. २०२१च्या ५.८ आवृत्तीपासून तर रंग आणि अक्षरांची मापं एका यादीत लिहायची आणि सीएसएस सर्व्हरने रचायचं, असा रिवाज पडला.

अशा ठिकाणी सर्व्हरला फक्त रंग भरून भागत नाही, थोडं डोकंही चालवता येतं. समजा, एखाद्या शाळेने संकेतस्थळाच्या पट्टीसाठी पिवळा निवडला. पट्टीवरची अक्षरं साच्यात पांढरी आहेत. शुद्ध पिवळ्यावर पांढरं अक्षर दिसेल का? हे मोजता येतं. रंगाचा उजळपणा काढताना हिरव्याचा वाटा सुमारे ७१.५ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के धरतात, कारण माणसाचा डोळा हिरव्याला सर्वाधिक दाद देतो. पिवळा म्हणजे पडद्यावर लाल अधिक हिरवा, त्यामुळे त्याचा उजळपणा पांढऱ्याच्या अगदी जवळ जातो. दोघांतलं अंतर भरतं १.०७ला १. सुगम्यतेचा जागतिक निकष साध्या मजकुरासाठी किमान ४.५ला १ मागतो. काळं अक्षर घेतलं तर हेच गुणोत्तर १९.५च्या वर जातं. सर्व्हर ही दोन गणितं करतो आणि न विचारता अक्षर काळं करतो. मुख्याध्यापकांना वाटतं, रंग छान निवडला!

रोज नवी फोडणी परवडत नाही

आता हिशेबाची बाजू. साधी फाइल उचलून देणं सर्व्हरला काहीच जड नाही. प्रोग्राम चालवून, डेटाबेसला विचारून, रूपांतर करून देणं त्याच्या कितीतरी पट महाग. त्यातच ब्राउझरची एक सवय आड येते: स्टाइलशीट हाती आल्याशिवाय तो सहसा पान रंगवायला घेतच नाही. तर्रीला उशीर झाला की पोहेही समोर येत नाहीत. सिग्नलची एकच काडी असलेल्या गावात हा उशीर पांढऱ्या पडद्याच्या रूपात दिसतो.

उपाय भट्टीवाल्यालाही ठाऊक आहे, पातेलं भरून ठेवायचं. याला कॅश म्हणतात. मराठीसाठी, मिनर्व्हा रूपाची, अमुक तुकड्यांची स्टाइलशीट एकदा बनली की सारखीच मागणी करणाऱ्या पुढच्या सगळ्यांना तीच देता येते. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया या संस्थेची मुख्य माहितीकेंद्रं अमेरिकेत आहेत, पण २०१८पासून आशियातल्या वाचकांसाठी सिंगापूरला साठवण आहे. म्हणजे जामच्या बाकावर उतरलेली वाटी अमेरिकेत शिजून सिंगापुरात गरम ठेवलेली असण्याचीच शक्यता जास्त.

पातेलं किती वेळ ठेवायचं, हा प्रश्न अवघड. फार वेळ ठेवलं तर रंग बदलूनही लोकांना जुनाच दिसतो, फार कमी ठेवलं तर सगळी मेहनत पुन्हा. रिसोर्सलोडरने यावर मधला मार्ग काढला. ज्या मागणीच्या पत्त्यात आवृत्तीची खूण आहे, ती मूळ व्यवस्थेनुसार ३० दिवस ठेवता येते. बदल झाला की खूण बदलते, पत्ता बदलतो, जुन्या पातेल्याचा संबंधच संपतो. ज्यात खूण नाही, तिला पाच मिनिटांची मुदत. पानाच्या माथ्यावरची स्टाइलशीट या दुसऱ्या प्रकारात मोडते, कारण ते पान स्वतःच दिवसेंदिवस साठवलेलं असू शकतं आणि त्यात जुनी खूण गोठून बसली तर पंचाईत. मुदत संपल्यावरही ब्राउझर आधी नुसतं विचारतो, 'माझ्याकडची प्रत अजून चालेल का?' काही बदललं नसेल तर सर्व्हर ३०४ या आकड्याने उत्तर देतो: 'तीच वापर'. उत्तर दोन-चार ओळींचं, वाटी पुन्हा भरायची गरज नाही.

नवशिक्यांच्या हातून इथे एक चूक हमखास होते. ते स्टाइलशीटच्या प्रोग्राममध्येच वापरकर्त्याची ओळख तपासतात, त्यासाठी पीएचपीचं सेशन, म्हणजे त्या माणसाच्या भेटीची सर्व्हरवरची नोंद, उघडतात. सेशनची नोंद एका वेळी एकालाच लिहिता येते. त्याच माणसाच्या बाकीच्या मागण्या दाराबाहेर रांगेत उभ्या राहतात. वर प्रत्येकाची वाटी वेगळी ठरल्याने पातेलं ठेवायची सोयही जाते.

कुणी काहीही लिहिलं तर

ज्याच्या हातात स्टाइलशीट, त्याच्या हातात पान. रंगाच्या चौकटीत एखाद्याने नुसत्या रंगाऐवजी 'लाल' लिहून पुढे कंस मिटवला आणि आणखी एक नियम घुसडला, तर सर्व्हर तो तसाच सगळ्यांना वाढेल. त्या नियमाने पान गायब करता येतं, 'रद्द करा'च्या बटणावर 'मंजूर' असं दाखवता येतं, काही डावपेचांनी पानावरची माहितीही बाहेर पाठवता येते. म्हणून प्रोग्रामने आलेली गोष्ट खरंच रंग आहे का, सहा खुणांचाच क्रमांक आहे का, हे तपासून मगच ती साच्यात भरायची.

मराठी विकिपीडियाची सामाईक सजावट 'मीडियाविकी:कॉमन डॉट सीएसएस' नावाच्या विकीपानावर लिहिलेली असते. लेखासारखंच त्यालाही इतिहास असतो, कुणी कधी काय बदललं ते दिसतं. २०१८पर्यंत कुठलाही प्रचालक ते बदलू शकत असे. त्या वर्षी हा अधिकार वेगळा काढून 'इंटरफेस प्रचालक' नावाच्या मोजक्या लोकांकडे दिला गेला. त्यांच्यापैकी कुणी आज दुपारी तिथला एखादा आकडा बदलून जतन केला, तर समुद्रपूरच्या एखाद्या महाविद्यालयातल्या संगणकावर पाचेक मिनिटांत चौकटीची कड थोडी जाड झालेली दिसेल.